झेलिन्का सरांची ओळ

कर्नल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मिशा पिळणारा लष्करी अधिकारी येतो. मिलादा हानाकोवा ज्या कर्नलच्या जिवावर पोट भरत होती त्याला मिशा नव्हत्या, पण हुकूम सोडायची हौस तेवढीच होती. हा कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटात बसून अख्खं यंत्र चालवणारा प्रोग्रॅम. कुठलं काम कुठल्या कोअरने, म्हणजे यंत्रातल्या कुठल्या मेंदूने करायचं, कुणी पळायचं, कुणी थांबायचं, हे ठरवणारा त्याचा एक भाग असतो. त्याला मुकादम म्हणा. ब्रनो शहरात, ट्रॅमच्या डेपोमागच्या एका काचेच्या इमारतीत बसून मिलादा या मुकादमाच्या खोडी शोधायची आणि मोडायची. उमेदीची सगळी वर्षं तिने त्यात घातली होती, आणि तिच्या सासूला सून 'कंप्युटर दुरुस्त करते' यापलीकडे अजून काही कळलेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एका मोठ्या ग्राहकाची तक्रार आली. यंत्र अवाढव्य, कोअर ढिगाने, आणि काम मात्र रडतखडत. मिलादाने यंत्राच्या पोटात डोकावून पाहिलं तर काही कोअर हातावर हात धरून बसलेले, आणि शेजारच्याच कोअरपुढे कामांची ही रांग. पोस्टात एका खिडकीपुढे म्हातारेकोतारे ताटकळत उभे असतात आणि पलीकडच्या खिडकीतली बाई नखं रंगवत बसते, अगदी तसं. फरक इतकाच, की पोस्टातली बाई निदान मुद्दाम तसं करते.

तिचा साहेब दालिबोर कुबात कॉफीचा मग घेऊन मागे येऊन उभा राहिला. दालिबोर माणूस वाईट नव्हता. आनंदी होता, आणि आनंदी साहेबाइतकं वैतागवाणं दुसरं काही नसतं.

"अगं, आकडे बघ की जरा," तो म्हणाला. "सरासरी काढली तर सगळ्या गटांवर भार सारखाच आहे. ग्राहकानेच काहीतरी घोळ घातलाय."

"दालिबोर, आज कँटीनमध्ये तू क्नेडलिकं किती हाणलीस?"

"का? आठ. मटणाचा रस्सा चांगला होता."

"आणि मी?"

"तू नुसतं सूप प्यायलीस. डाएट की काय ते."

"म्हणजे सरासरी चार. माझं पोट भरलं?"

दालिबोर हसला. मग हसता हसता थांबला, कारण रोग तोच होता. मुकादम कोअरचे गट करतो आणि प्रत्येक गटाच्या भाराची सरासरी काढतो. एखाद्या गटात एकच राक्षसी काम एका कोअरच्या मानगुटीवर बसलं, की त्या गटाची सरासरी फुगते. मुकादम म्हणतो, हा गट बिचारा आधीच दमलाय, याला आणखी काही देऊ नका. त्या गटातले बाकीचे कोअर रिकामे बसतात, पलीकडची रांग वाढत जाते, आणि कागदावर सगळं कसं समसमान! सरासरीच्या नावाखाली जगात आजवर जेवढे उपाशी राहिले असतील त्यांत या कोअरांचीही भर.

मिलादाने ती ओळ शोधून काढली. एकच ओळ होती. भार घ्या, कोअरच्या संख्येने भागा, शेजारच्याशी ताडून पाहा. ती सापडली तेव्हा मिलादाने खुशीत टेबलावर थाप मारली. मग या धंद्यात सगळे करतात तेच तिने केलं. कर्नलमधली प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, हे सांगणारी एक आज्ञा आहे. ज्याने ती बनवली त्याने आडपडदा न ठेवता तिचं नाव 'ब्लेम' ठेवलं. बोट दाखवायचंच आहे तर सरळ दाखवा. मिलादाने ब्लेम चालवलं.

पडद्यावर नाव आलं, बोहुमीर झेलिन्का.

खुर्चीत बसल्या बसल्या तिला एकदम वर्गात चुकून भलतंच काही बोलून गेलेल्या पोरीसारखं वाटलं.

झेलिन्का सरांनी तिला शिकवलं होतं. नुसतं शिकवलं नव्हतं, ती होती तिथून उचलून आज आहे तिथे आणून बसवलं होतं. तंत्र विद्यापीठात तिच्या वर्गात मुली इतक्या कमी, की मास्तर लोक हजेरी घेताना तिच्या नावापाशी येऊन हसायचे. झेलिन्का सर हसले नाहीत. त्यांनी तिच्या उत्तरपत्रिकेवर इतरांच्यापेक्षा जास्त लाल रेघा मारल्या आणि शेवटी लिहिलं, 'तुम्हाला जमेल.' बाळंतपणानंतर ती कामावर परतली तेव्हा कंपनीने तिला चाचण्यांच्या कोपऱ्यात टाकलं. त्या वेळी सरांनीच फोन करून सांगितलं, "हानाकोवाबाई, तिथे कुजू नका. मुकादमाकडे वळा. त्याच्याकडे अक्कल कमी आहे आणि तुमच्याकडे जास्त." तेव्हापासून तिचा प्रत्येक पॅच, म्हणजे कर्नलमधला प्रत्येक बदल, सर घरी बसून वाचायचे आणि काय चुकलं ते कळवायचे. वडील गेल्यावर मिलादाला आपल्यापेक्षा वरचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते हे.

आणि सर तिला तुम्हीच म्हणायचे. सगळ्यांनाच म्हणायचे. दालिबोरसारखी माणसं कामावर आलेल्याला पहिल्याच दिवशी तू म्हणून गळ्यात हात टाकतात. सरांच्या पिढीत तसं नव्हतं. तिथे तू हे मोठ्याने धाकट्याला द्यायचं असतं, ग्लास भिडवून, आपलं पाळण्यातलं नाव सांगून. मागून मिळत नाही. आणि एकदा दिलेलं परत कुणी घेत नाही. तसं करणं म्हणजे भर चौकात थोबाडीत मारणं. मिलादाचे केस पिकायला लागले तरी तिला ते मिळालं नव्हतं. ती हसण्यावारी न्यायची, पण मनातून वाट पाहायची. विद्यापीठातल्या दोघातिघांना सरांनी तू दिलं होतं हे तिला ठाऊक होतं, आणि त्यांचा तिला चक्क मत्सर वाटायचा.

ती सरासरीची ओळ म्हणजे सरांच्या आयुष्यातला मोठा मान होता. कर्नलच्या मुकादमात या गावातून पहिलं नाव लागलं ते त्यांचं. वर्गात ते ती गोष्ट दर वर्षी सांगत. कँटीनच्या रांगेत गुलाशची वाट पाहत उभं असताना सरासरीची कल्पना कशी सुचली, नॉर्वेतल्या एका पोराशी पत्रांतून कसं भांडण झालं, शेवटी त्याने कसं मान्य केलं. मुलं मागच्या बाकांवर जांभया देत, कारण ती गोष्ट त्यांनी वरच्या वर्गातल्यांकडून आधीच ऐकलेली असे. मिलादाने कधी जांभई दिली नाही. आणि खरं सांगायचं तर सर लिहीत होते तेव्हा यंत्रं एवढीशी असत, दोन नाहीतर चार कोअरची. तिथे ती ओळ कुणाला उपाशी ठेवत नव्हती.

मिलादाने दुरुस्ती केली. सरासरीऐवजी मुकादमाने आधी गटात रिकामा कोअर आहे का ते पाहावं, एवढंच. चाचणीसाठी ठेवलेलं तसलंच यंत्र धावायला लागलं. तिने पॅच यादीवर पाठवला. यादी म्हणजे कर्नलवाल्यांचा जगभरचा चव्हाटा. तिथे पत्रं पडतात, सगळे वाचतात, आणि मुकादमाची राखण करणारा हाल्वार्द शेवटी हो किंवा नाही म्हणतो. तोच तो नॉर्वेचा, आता पोर राहिला नव्हता. त्याचं उत्तर आलं, नेहमीसारखं कोरडं: पॅच बरोबर आहे. पण हा नेमकी कुठली चूक दुरुस्त करतो? 'फिक्सेस'ची ओळ कुठे आहे?

ही ओळ म्हणजे या लोकांचा कायदा. दुरुस्ती करायची असेल तर खाली लिहायचं, ज्या जुन्या बदलाने चूक आणली त्याचा नंबर आणि त्याचं शीर्षक. ते एकदा इतिहासात गेलं की गेलं, कुणाच्या बापाला पुसता येत नाही. ती ओळ असेल तरच जुन्या आवृत्त्या सांभाळणारे लोक दुरुस्ती उचलतात, नाहीतर उचलत नाहीत. मिलादाने ती मुद्दाम गाळली होती.

"घाल की मग," दालिबोर म्हणाला. "ग्राहक जुन्या आवृत्तीवर बसलाय. ओळ नसेल तर त्याच्यापर्यंत पोचायला वर्ष जाईल. तोवर तो माझं डोकं खाईल आणि मी तुझं."

"दालिबोर, तो सरांचा बदल आहे."

"मग? फासावर देतंय का कुणी त्यांना? अक्षरं-आकड्यांचा एक नंबर नुसता. कोण उघडून बघणार आहे?"

"सगळे बघतात. मी नाही का बघितलं?"

"म्हातारा निवृत्त झालाय, मिलादा. द्राक्षं लावतो. त्याला काय पडलंय?"

"तो रोज सकाळी कॉफीबरोबर अख्खी यादी वाचतो."

"मग सांगून टाक ना त्याला आधी. मोठा माणूस आहे, समजून घेईल. तूच उगाच बाऊ करतेयस."

एवढी एक गोष्ट दालिबोर शहाण्यासारखी बोलला. मिलादाने ठरवलं, सांगायचं. गुरुवारी संध्याकाळी सरांनी तिला एका वाइनच्या तळघरात बुर्चाक प्यायला बोलावलंच होतं. शरद ऋतूत अर्धवट आंबलेली ती गढूळ, गोडसर वाइन चार दिवस मिळते आणि त्या चार दिवसांत मोरावियातली सगळी भली माणसं आनंदी असतात. सांगायला याहून चांगली वेळ कुठली?

गुरुवारी सकाळी तिने पॅच नव्याने लिहिला. खाली फिक्सेसची ओळ घातली. ती घालताना हात इतका जड झाला, की वर समजुतीला म्हणून एक वाक्यही लिहिलं: 'त्या काळच्या यंत्रांवर हा निर्णय योग्यच होता.' वाचून तिला जरा बरं वाटलं. तिने पॅच यादीवर पाठवला नाही. फक्त आपल्या उघड्या शाखेवर, कुणालाही डोकावता येईल अशा स्वतःच्या कप्प्यात ठेवला, म्हणजे तिथले आपोआप चालणारे यंत्रमानव त्याच्या चाचण्या घेऊन ठेवतील. आधी सर, मग यादी. असं सगळं तिने मनाशी नीट लावलं आणि संध्याकाळी बऱ्यापैकी धीराने तळघराच्या पायऱ्या उतरली.

सर आधीच येऊन बसले होते. टाय लावलेला, समोर तुपकट कडबोळ्यांची बशी. यार्मिलाकाकू, म्हणजे सरांची बायको, शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणींत रमल्या होत्या. मिलादा बसली, कोट काढला, घसा खाकरला.

"सर, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"थांबा. आधी मी." सरांनी हात वर केला. त्यांचे कान लाल झाले होते. बुर्चाकने की संकोचाने, कळायला मार्ग नव्हता. "हानाकोवाबाई, मी या बाबतीत मागासलेला आहे. यार्मिला मला किती वर्षं सांगतेय, अहो, त्या बाईला असं किती दिवस दारात उभं करणार आहात? मी म्हणायचो, होईल, होईल. पण तुमचा तो पॅच वाचला. मागचा, यादीवरचा. सुंदर आहे. माझ्या ओळीच्या पुढचं पाऊल आहे ते, मला सुचायला हवं होतं. तेव्हा म्हटलं, आता हिला तुम्ही म्हणणं म्हणजे माझाच शिष्टपणा." त्यांनी ग्लास उचलला. "मी बोहुमीर."

इतक्या वर्षांची तिची इच्छा समोर ग्लास धरून उभी होती. या क्षणी म्हणायचं का, थांबा सर, त्या पॅचखाली मी आज सकाळी तुमचं नाव बांधलंय? ती म्हणाली नाही. जीभ रेटली नाही. म्हणायलाच हवं होतं. त्या एका क्षणाची किंमत तिने पुढे जी मोजली ती पाहता, ग्लास खाली ठेवून ओरडून म्हणायला हवं होतं.

"मी मिलादा," ती म्हणाली, आणि ग्लास भिडवला.

"मिलादा," सर म्हणाले, चव घेतल्यासारखे. "छान. मग, तू काय सांगणार होतीस?"

"काही नाही. म्हणजे... पोराला ऑर्केस्ट्रात घेतलं, तेच."

"वा! मग पी!"

सर त्या संध्याकाळी कधी नव्हे इतके बोलले. गुलाशच्या रांगेची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी तू म्हणून, आणि त्यामुळे ती मिलादाला नवीच वाटली. "तुला सांगतो, मिलादा, आयुष्यात एकच ओळ बरी लिहिली," असंही म्हणाले. मिलादा हसत राहिली.

शुक्रवारी दालिबोर दाराशी उभा. "सोमवारपासून हाल्वार्द नवीन काही घेत नाही. आज गेलं नाही तर पुढच्या आवृत्तीपर्यंत लटकलो. सांगितलंस ना म्हाताऱ्याला?"

"भेटले काल," मिलादा म्हणाली. खोटं नव्हतं.

तिने हिशोब केला. सर यादी सकाळी वाचतात. आत्ता दुपार आहे. आता पाठवला तर ते उद्या सकाळी वाचतील, आणि आज संध्याकाळी आपण फोन करून सगळं सांगू. हुशार बायका घाबरल्या की अशाच बारीक हिशोबात शिरतात. तिने आज्ञा दिली आणि पॅच गेला.

गेल्यावर पडद्यावर पत्त्यांची यादी सरकली. तिच्यात शेवटचा पत्ता झेलिन्का सरांचा होता. पॅच पाठवणारी ती आज्ञा फिक्सेसच्या ओळीवरून जुन्या लेखकाला शोधते आणि त्याचाही पत्ता आपणहून जोडते. ज्याची चूक काढताय त्याला निदान कळवावं, असा शिष्टाचार आहे. ती सोय मिलादानेच मागे कधीतरी हौसेने बसवून घेतली होती आणि विसरून गेली होती. पत्र यादीवर पडलं होतं आणि सरळ सरांच्या हातातही पडलं होतं.

संध्याकाळी फोन यार्मिलाकाकूंनी घेतला.

"ते बागेत आहेत."

"येतील तेव्हा सांगाल का, मी फोन केला होता म्हणून?"

"सांगते," काकू म्हणाल्या, आणि जरा थांबून हळूच, "काय केलंस गं तू?"

शनिवारी सकाळी मिलादा टेकडीवरच्या बागेत गेली. सर वेलींत उभे होते, हातात कात्री, डोक्यावर जुनी टोपी. त्यांनी तिला येताना पाहिलं, टोपी काढली आणि फाटक उघडून धरलं.

"या, हानाकोवाबाई."

मिलादा फाटकातच थांबली. ऐकण्यात चूक झाली असेल असं तिने स्वतःला सांगून पाहिलं.

"बोहुमीर, मी..."

"सर म्हणा. आपल्याला दोघांनाही तेच सोपं जाईल." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला काहीतरी धरायला सापडलं असतं. "बसा. बाक ओला आहे, थांबा, पुसून देतो."

त्यांनी बाक पुसला. ती बसली नाही.

"ओळ माझी चुकलीच होती," सर म्हणाले. "तुमचा पॅच उत्तम आहे. मी काल दोनदा वाचला. फिक्सेसची ओळही हवीच होती. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

"सर, मी तुम्हाला आधी सांगणार होते."

"कधी?"

"गुरुवारी. त्यासाठीच आले होते."

"माहीत आहे. तुमच्या पत्रात शाखेचा पत्ता होता, तिथे जाऊन पाहिलं. गुरुवारी सकाळी लिहून ठेवलाय तो पॅच. तारीख अजून वाचता येते मला. सकाळी माझी पावती फाडलीत आणि संध्याकाळी माझ्याबरोबर ग्लास भिडवलात."

"तुम्ही इतके खुशीत होता! मला जीभ रेटेना हो."

"म्हणजे दया आली." सरांनी एक वाळकं पान खुडून खाली टाकलं. "मी तुमच्या उत्तरपत्रिकेवर लाल रेघा मारल्या तेव्हा मला नाही कधी दया आली. का, सांगू? मला वाटायचं, ही बाई उद्या माझ्या बरोबरीला येणार आहे. बरोबरीच्या माणसाला त्याची चूक तोंडावर सांगतात. मी तुम्हाला तू म्हटलं ते बरोबरीची म्हणून. तुम्ही हो म्हणालात ते म्हातारा आहे, त्याचं मन कशाला मोडा, म्हणून."

"असं नाही हो सर! मला ते हवं होतं. किती वर्षं हवं होतं, तुम्हाला काय माहीत!"

"मग तर आणखीच वाईट. हवं होतं म्हणून गप्प बसलात."

मिलादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. यातलं एक अक्षरही खोटं नाही हे तिला कळत होतं, आणि तरी हे अन्यायाचं आहे असंही वाटत होतं. वीस वेळा गप्प बसणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, आणि जो एकदाच गप्प बसला त्याला मात्र बागेत उभं करून सोलतात.

"आणि ते वाक्य," सर म्हणाले. आता कुठे त्यांचा आवाज जरा हलला. "'त्या काळच्या यंत्रांवर हा निर्णय योग्यच होता.' हे कुणासाठी लिहिलंत? थडग्यावर फुलं ठेवतात तसलं वाक्य. त्या काळीही चूकच होती ती. मला दाखवून द्यायला मोठं यंत्र नव्हतं, एवढंच. मी यादीवर लिहिलंय, ते वाक्य काढा. आणि खाली तपासणारा म्हणून माझं नाव दिलंय."

"तुम्ही... नाव दिलंत?"

"पॅच बरोबर आहे ना? मग देणारच. त्याचा याच्याशी काय संबंध?"

त्यांनी द्राक्षांचे चार घड कापले, कागदी पिशवीत घातले आणि तिच्या हातात दिले. "मुलाला द्या. ऑर्केस्ट्रात घेतलं म्हणालात ना." मग फाटक उघडून धरलं, ती बाहेर पडेपर्यंत.

यादीवर सरांचं पत्र सगळ्या जगाने वाचलं. चार ओळी होत्या. चूक माझीच, तेव्हाही चूक होती, समजुतीचं वाक्य काढावं, तपासलं, बोहुमीर झेलिन्का. इंग्रजीत होतं. इंग्रजीत तू आणि तुम्ही यांना शब्द एकच, त्यामुळे कुणाला काही वास लागायचा प्रश्नच नव्हता. परदेशातल्या अनोळखी लोकांनी मिलादाला लिहिलं, काय दिलदार गुरू लाभलाय तुम्हाला! हाल्वार्दने वाक्य काढलं, पॅच घेतला आणि, त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, खाली 'छान' असा एक शब्द लिहिला. ग्राहकाचं यंत्र धावू लागलं. रिकाम्या कोअरना काम मिळालं. मिलादाने सरांना दोन लांब पत्रं पाठवली. दोन्हींना दुसऱ्याच दिवशी उत्तरं आली, सविस्तर, तिच्या नव्या पॅचबद्दल, एका चुकलेल्या अटीबद्दल. वर 'सन्माननीय हानाकोवाबाई', आणि आत तुम्ही, तुमचं, तुम्हाला. बाकी काही नाही.

नवी आवृत्ती बाहेर पडली तेव्हा दालिबोरने कचेरीत मेजवानी ठेवली. केक, वाइन, भिंतीवर फुगे. दालिबोरला फुग्यांशिवाय आनंद पचत नाही. त्याने सरांनाही बोलावलं होतं. मिलादाला ते आयत्या वेळी कळलं. सर आले ते गडद सूट घालून, यार्मिलाकाकूंना घेऊन. सगळे त्यांच्याभोवती जमले. पोरंसोरं त्यांना गुलाशच्या रांगेची गोष्ट सांगायचा आग्रह करू लागली. त्यांनी सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "आणि ती ओळ चुकीची होती, हे हानाकोवाबाईंनी सिद्ध केलं." टाळ्या पडल्या. मिलादानेही वाजवल्या, दुसरं काय करणार?

थोड्या वेळाने दालिबोर गर्दीतून तिच्याकडे आला, चेहरा लालबुंद, ग्लास डुचमळत.

"मिलादा, म्हातारा काय भारी माणूस आहे गं! तू उगाच घाबरत होतीस. आत्ता मला काय म्हणाला माहितेय? 'दालिबोर, तू मला बोहुमीर म्हण.' असं! मी दोनदाच भेटलोय त्यांना! आता आम्ही दोस्त!"

मिलादाने त्याच्याकडे पाहिलं. सगळ्या जगाला पहिल्या दिवशी तू म्हणणारा हा माणूस. त्याला काय मिळालंय हे त्याला मरेपर्यंत कळणार नव्हतं, आणि उद्या विसरूनही जाणार होता. सरांना हेही ठाऊक असणारच.

"छान झालं," ती म्हणाली.

तेवढ्यात सर तिथेच आले. त्यांनी दालिबोरच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे दालिबोर, तुझा ग्लास रिकामा झाला की. चल, भरून आणू." मग ते मिलादाकडे वळले, कमरेतून किंचित लवले, आणि मन लावून, अगदी प्रामाणिक आदराने विचारलं, "आणि हानाकोवाबाई, तुमच्यासाठी काय आणू?"

"काही नको, सर," मिलादा म्हणाली.